बॉबिन लेस : टाचण्या काढल्यावर पंखा आकसतो, कड नागमोडी होते. मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

गेले आठ महिने मी पुस्तके आणि चित्रफिती यांच्या आधाराने घरच्या घरी बॉबिन लेस, म्हणजे बॉबिन नावाच्या छोट्या काड्यांवर गुंडाळलेले धागे उशीवर टाचण्या रोवून एकमेकांत गुंफत केलेली जाळीदार लेस, शिकत आहे. स्लोव्हेनियातील इद्रिया येथे १८७६ पासून लेसची शाळा सुरू आहे आणि तिथली मुले उशी घेऊन शिक्षिकेसमोर बसतात. मला मात्र चुकणारा हात वेळीच धरणारे कोणी नाही, म्हणून अडचण शक्य तितक्या तपशिलात मांडत आहे.

सध्या मी टॉर्शन या साध्या, भौमितिक नमुन्यांच्या लेस प्रकारातली एक अरुंद पट्टी करीत आहे. १२ जोड्या, म्हणजे २४ बॉबिन. एका बाजूला सरळ कड, मध्ये साधी जाळी आणि दुसऱ्या बाजूला कापड टाक्याचा पंखा, म्हणजे पंख्याच्या आकाराचा दाट विणीचा भाग. या कामात मुळात हालचाली दोनच आहेत : दोन जोड्या शेजारी ठेवून मधल्या दोन बॉबिनांपैकी डावी उजवीवरून नेली की 'ओलांडा', आणि प्रत्येक जोडीतली उजवी डावीवरून नेली की 'पीळ'. ओलांडा, पीळ, ओलांडा असा क्रम पूर्ण झाला की कापड टाका होतो. (हे मराठी शब्द मी माझ्या सोयीसाठी योजले आहेत, अधिक चांगले शब्द रूढ असतील तर अवश्य सुचवावेत.)

उशीवर असेपर्यंत काम देखणे दिसते. पंख्यातला बाणा, म्हणजे आडवी फिरणारी जोडी, टाचणीला वळसा घालून परत येते तेव्हा प्रत्येक ओळ रेघ मारल्यासारखी बसते. परंतु आठ सेंटिमीटर झाल्यावर मागच्या टाचण्या काढल्या आणि डोळ्यांदेखत पंखा आत ओढला गेला. ताण्याचे उभे धागे मध्यभागी एकमेकांना चिकटले, दोन्ही बाजूंना मोकळ्या फटी राहिल्या, आणि बाहेरच्या कंगोऱ्यावर टाचणीच्या जागी लोंबणारे फासे तयार झाले. ताण कमी पडला असावा असे समजून पुढच्या खेपेस मी बाणा अधिक घट्ट ओढला, तर आकसणे वाढलेच.

दुसरी अडचण सरळ कडेची आहे. माझ्या पुस्तकात ही कड उजवीकडे आहे आणि मी पाहते त्या चित्रफितींत ती डावीकडे असते, त्यामुळे चित्रफितीतली प्रत्येक हालचाल मी आरशातल्याप्रमाणे उलटी करून घेते. तरीही कड नागमोडी होते आणि बाहेरची जोडी सैल राहते.

नमुन्याची छिद्रे, म्हणजे टाचण्या रोवण्याच्या जागा, फार जवळ असल्याने डोळ्यांना त्रास होत होता, म्हणून मी मूळ नमुना दीडपट मोठा करून कार्डावर टोचून घेतला आहे. धागा पुस्तकात सांगितलेलाच, सुती आहे. ताण कसा द्यावा आणि कडेची टाचणी नेमकी कुठे रोवावी, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

आपण इतक्या नेटकेपणाने लिहिले आहे की दोन्ही अडचणींची कारणे आपल्याच मजकुरात सापडतात.

नमुना दीडपट केला आणि धागा तोच ठेवला, तर तेवढीच धाग्यांची संख्या अधिक मोठी जागा भरू शकत नाही. टाचण्या असेपर्यंत त्या कापडाला ताणून धरतात. त्या निघाल्या की मोकळे पडलेले धागे सरकून एकत्र येतात. नमुना जितक्या पटीने वाढतो तितक्या पटीने धाग्याची जाडी वाढवावी लागते. त्यासाठी मोजपट्टीवर मूळ धाग्याचे वेढे शेजारी शेजारी गुंडाळून एका सेंटिमीटरमध्ये किती बसतात ते मोजा. दर सेंटिमीटरला ३० वेढे बसत असतील, तर दीडपट नमुन्यासाठी २० वेढे बसणारा धागा निवडा.

ताणाबाबत सांगायचे तर बाणा फक्त टाचणीला टेकेल इतकाच ओढावा. प्रत्येक ओळीनंतर ताण्याच्या बॉबिन खाली हलकेच ओढून सरळ कराव्यात, कारण पंख्याचा आकार ताणा सांभाळतो.

कडेची चूक मात्र आरशाची आहे. कड कोणत्याही बाजूला असो, ओलांड्यात डावी उजवीवरून आणि पिळात उजवी डावीवरून हे कधीही बदलत नाही. कड बदलते तेव्हा फक्त जोड्या मोजण्याची दिशा बदलते. आपण ओलांडाही उलटा केला असेल तर धाग्यांचा वर-खाली, वर-खाली हा क्रम मोडतो आणि ते एकमेकांत अडकत नाहीत, नुसते सरकतात. उजवी कड करताना कडेपासूनची तिसरी जोडी घ्या, बाहेरच्या दोन्ही जोड्यांतून कापड टाका आणि पीळ देत कडेपर्यंत न्या, टाचणी शेवटच्या दोन जोड्यांच्या आतल्या बाजूला रोवा, सर्वांत बाहेरची जोडी तशीच सोडून तिच्या शेजारच्या जोडीने आत परत या. टाचणी अगदी काठावर रोवली गेली की बाहेरची जोडी हमखास सैल पडते.

टाचण्याही इतक्या लवकर काढू नका. निदान पंख्याची दोन आवर्तने पूर्ण होईपर्यंत त्या राहू द्याव्यात. आधी मूळ आकाराच्या नमुन्यावर, भिंगाखाली का होईना, एक पंखा करून पाहा आणि टाचण्या काढल्यानंतरचे छायाचित्र इथे द्या, म्हणजे ताणाविषयी अधिक नेमके सांगता येईल.