चुसणी सुटत नाही, समोरच्या दातांत फट पडली

प्रश्न (अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा)
आमच्या अंगणवाडीतल्या अडीच वर्षांच्या लेकराच्या तोंडात दिवसभर चुसणी असते. कापूस वेचणीच्या दिवसांत माय वावरात, आणि आजी चुसणी गुळाच्या पाण्यात बुडवून देते. वरचे समोरचे दात हिरडीजवळ पांढरट झालेत. दाढा मिटल्या तरी समोरचे दात एकमेकांना टेकत नाहीत, फटीतून जीभ दिसते. दुधाचेच दात आहेत, पडतील, असं घरचे म्हणतात. काय सांगू?

उत्तर १ (दंतवैद्य)
ताई, हे दोन वेगळे त्रास आहेत. हिरडीजवळचा पांढरा पट्टा गुळामुळे, ती किडीची सुरुवात आहे. गूळ आजच बंद करा, पट्टा तपकिरी होऊन खड्डा पडायच्या आधी. मध तर एक वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषानं अंग लुळं पडणारा आजार) होऊ शकतो. सकाळी आणि झोपण्याआधी तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट घेऊन मोठ्या माणसानं दात घासून द्यावेत. विहीर-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर पेस्टबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

फट चुसणीची. तिसऱ्या वर्षाच्या आत सवय सुटली तर ती बहुतेक वेळा आपोआप मिटते. पण दाढांकडेही बघा. चुसणीमुळे जीभ खाली दबते, वरच्या जबड्याला आतून आधार राहत नाही आणि गाल बाहेरून दाबतात. जबडा अरुंद होऊन वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसू लागतात. हा दोष सहसा आपोआप जात नाही. आणि दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, त्यामुळे ‘पडतील’ म्हणून सोडून देऊ नका.

उत्तर २ (आरोग्य सेविका)
दातांसोबत कानाचंही बघा, चुसणी चोखणाऱ्या लेकरांना कान दुखणं, फुटणं जास्त होतं. जिभेवर, गालात आतून पुसून न निघणारे पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशी, दवाखान्यात दाखवा.

सुटेपर्यंत चुसणी रोज पाच मिनिटं उकळा, चिरली की फेका. खाली पडलेली स्वतःच्या तोंडात घालून ‘साफ’ करून देऊ नका, मोठ्यांच्या तोंडातले किडीचे जंतू लेकराला जातात. दोऱ्यानं गळ्यात तर कधीच बांधू नका, फास बसतो.

सेविका
आजी म्हणते, तिखट लावू का? की टोक कापून टाकू?

उत्तर १ (दंतवैद्य)
दोन्ही नको. तिखटानं तोंड पोळतं, आणि कापलेल्या रबराचा तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो. आधी दिवसाची बंद करा. चोखायची वेळ साधारण ठरलेली असते, तेव्हा हातात भाकरीचा तुकडा किंवा खेळणं द्या. मग फक्त झोपताना द्या आणि डोळा लागला की हळूच काढा. शेवटी तीही बंद. दोन-तीन आठवडे धरा. पहिल्या काही रात्री रडेल, तेव्हा घरातल्या कुणीच परत देऊ नये, आजीनंही नाही.

उत्तर २ (आरोग्य सेविका)
बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांच्याकडून दात तपासून संदर्भचिठ्ठी (मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी) घ्या. पट्टा तपकिरी झाला तर पथकाची वाट न बघता थेट जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात न्या.