घरसभेला पेटीवाले नाहीत, गीतं कशी उचलायची? (तातडीची मदत हवी आहे)

गोंधळलेला यजमान: शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे घरसभा (घरातली ख्रिस्ती प्रार्थनासभा) आहे. पेटीवाले काका गावी गेलेत. मागच्या वेळी मीच गीत उचललं आणि अंतऱ्याला सगळे गप्प. एकट्या सासूबाई वर पोचल्या, त्याही डोळे मिटून. पुन्हा तसं नको. लवकर सांगा, ग्रुपवर गीतांचे नंबर टाकायचेत.

पेटीमास्तर: माणसं किती? बायका जास्त की पुरुष? पट्टी कोणती धरली होती?

गोंधळलेला यजमान: पट्टी कळत असती तर धागा काढला असता का? दहा-बारा जण, बायका जास्त.

वसईचा पोर: गाणं कशाला, रोजारी (कॅथलिकांची जपमाळ) म्हणा. आमच्याकडे मे आणि ऑक्टोबरात रोज एकेका घरी असते.

गोंधळलेला यजमान: आम्ही प्रॉटेस्टंट. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकावाले.

वसईचा पोर: मग आधी सांगायचं ना.

निळादात: यूट्यूबवर ट्रॅक आहेत, स्पीकरला जोडा. विषय संपला.

पेटीमास्तर: ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. आमच्या मंडळीतल्या आजी कडवं संपलं की 'हालेलुया' म्हणून दम घेतात. तोवर ट्रॅक पुढच्या कडव्यात.

नगरकर: पेटी हवीच कशाला? कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवी सोडली नाही. टाळ घ्या, भजनाच्या चालीवर म्हणा. पेटी मुळात साहेबाची. आकाशवाणीनेसुद्धा 1940 ते 1971 तिला बंदी घातली होती.

पेटीमास्तर: आणि तुमच्या चर्चमधला ऑर्गन काय नेवाशात घडवला? टाळाने ताल मिळतो हो, सूर नाही.

तिसरा मजला: फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा? आमच्याकडे साडेनऊला बेल वाजली. घाबरत दार उघडलं, तर खालच्या काकू. म्हणाल्या, आज लवकर आटोपलं, तब्येती बऱ्या आहेत ना?

अनाहूत: पण घरी प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) चालतं का? बायबलातल्या फिलेमोनाच्या घरीही मंडळी जमायचीच.

पाळकांचा मुलगा: चर्च ऑफ नॉर्थ इंडियात दीक्षित पाळक लागतात. ब्रदरन मंडळींत तसं नाही, तिथे भाऊबंदच भाकर मोडतात. 1970 साली नागपुरात हे नॉर्थ इंडिया चर्च झालं, आपण सगळे एकत्र आलो म्हणतात, पण नगरात अजून 'तुम्ही (अमेरिकन) मिशनचे की एसपीजीचे (इंग्रजांच्या अँग्लिकन मिशनचे)' विचारतातच.

गोंधळलेला यजमान: हे मी विचारलंच नाहीये!!

पेटीमास्तर: यजमान, इकडे बघा. धृपद सुरू करायच्या आधी अंतऱ्यातली सगळ्यात वरची ओळ मनात म्हणा. ती न ताणता आली तरच तो सा धरा. मिश्र घोळक्याला पेटीवरची काळी पाच बरी पडते. अंतरा वरच्या गंधाराच्या पुढे जात असेल तर अजून खाली या. तुम्ही बहुतेक काळी दोनला सुरू केलंत. मोबाइलवर तानपुरा लावून ठेवा.

गोंधळलेला यजमान: मोबाइलवर तर वचनं काढलेली असतात. घरातल्या पेटीवर होईल का काही? सासऱ्यांची आहे, पलंगाखाली. वाजवता कोणालाच येत नाही.

पेटीमास्तर: अहो!! पहिल्या ओळीत सांगायची गोष्ट ही! वाजवायची नाही. काळी पाच आणि तिच्या पुढची पांढरी चार दाबून धरा, दुसऱ्या हाताने भाता. सा आणि प, झालं काम. दहा वर्षांचं पोरसुद्धा करेल.

नगरकर: म्हणजे शेवटी पेटीच.

गोंधळलेला यजमान: काढली बाहेर. भात्याला बोटभर भोक आहे, सूर येतो आणि लगेच मरतो. सासूबाई म्हणतात उंदीर. चिकटपट्टी चालेल?

पेटीमास्तर: चिकटपट्टी नको, भाता दोनदा हलला की सुटते. जुन्या पाकिटाचं पातळ चामडं कापा, फेविकॉलने आतून लावा, रात्रभर वजन ठेवा. आज बुधवार आहे, लगेच बसा.

अनाहूत: आणि प्रभुभोजनात द्राक्षरसाऐवजी कोकम सरबत चालेल का?