‘मिळतोच’ मधला ‘च’ काढा

हॉटेलच्या सदस्य योजनेत प्लॅटिनम दर्जा झाला की सुईट (म्हणजे साध्या खोलीहून मोठी, ऐसपैस खोली) मिळतोच, असं तुम्ही लिहिलंय. त्यातला ‘च’ काढा. मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय या सदस्य योजनेत वर्षाला मुक्कामाच्या ५० रात्री भरल्या की प्लॅटिनम. पण नियमात शब्द आहे ‘उपलब्ध असल्यास’, आणि सुईटही निवडकच.

मी सांगलीचा, हळद-बेदाण्याच्या कामाने फिरणारा. मागे दिल्लीत एका मोठ्या साखळीच्या हॉटेलात काउंटरवर हसून सांगितलं, “सर, अपग्रेड किया है.” चौथ्याऐवजी अकरावा मजला! खोली तीच, खालचा रस्ता तेवढा लहान दिसला. त्याच रात्रीसाठी अ‍ॅपवर सुईट विकायला होतेच. लग्नसराईत तर नादच सोडा, सगळे सुईट वऱ्हाडाकडे.

हयात या हॉटेल साखळीचं गणित वेगळं. सुईट अपग्रेड अवॉर्ड (सदस्याला मिळणारं अपग्रेडचं कूपनच म्हणा) हातात असेल आणि स्टँडर्ड सुईट शिल्लक असेल, तर बुकिंगच्या वेळीच पक्का होतो, सलग ७ रात्रींपर्यंत. मॅरियटचे तसेच नाइटली अपग्रेड अवॉर्ड मात्र लागले की नाही, ते मुक्काम तोंडावर आल्यावरच कळतं. तोवर महालक्ष्मीचं वेटिंग तिकीट घेऊन चार्टची वाट बघायची!

माझ्या मते खरी वसुली नाश्त्यात आणि प्लॅटिनमच्या दुपारी ४ च्या चेक-आउटमध्ये (रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलं सोडून). रात्रीच्या गाडीने परतणाऱ्याला ते चार तास सुईटपेक्षा जास्त उपयोगाचे. सुईटसाठी मुद्दाम रात्री भरत बसू नका. घरी मी ‘सुईट मिळाला’ म्हटलं, तर बायको विचारते, “किती टक्के सूट?”