काडतुसाची केस अडकते म्हणजे दाबच जास्त, असं नाही

.३२७ फेडरल मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या झाडलेल्या केसेस (पितळी नळकांडी) सिलिंडरमधून निघत नाहीत म्हणून काडतुसं स्वतः भरताना लगेच बंदुकीची दारू कमी करायची घाई नको. आधी त्याच रिव्हॉल्व्हरमधून .३२ एच अँड आर मॅग्नम ही आखूड गोळी झाडली होती का? तिची केस १.०७५ इंच, .३२७ची १.२०० इंच. मधल्या पट्ट्यात काजळीचं कडं जमतं आणि लांब केसचं तोंड तिथेच रुतून बसतं. सॉल्व्हंट लावून थोडा वेळ ठेवा, मग .३८चा ब्राँझ ब्रश फिरवा. साइझ केलेली (डायमधून काढून मूळ मापावर आणलेली) रिकामी केस आपल्या वजनाने आत गेली पाहिजे.

चेंबर (सिलिंडरमधलं काडतूस बसायचं भोक) स्वच्छ असूनही केस ठोकून काढावी लागली, तर मात्र उरलेली काडतुसं झाडू नका, पुलरने (केसमधून गोळी ओढून काढणाऱ्या अवजाराने) सोडवा. प्रायमरच्या (केसच्या बुडाला बसणाऱ्या, दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) चपटेपणावरून काही ठरवू नका. ४५,००० पीएसआय दाबाच्या मर्यादेपर्यंत जाणाऱ्या काडतुसात तो एरवीही चपटा दिसू शकतो.