ग्रुप : आपलं गाव, आपली मानसं (पवनच्या मोटरसायकलचा मांगचा लाइट)

बबनकाकाजी : पवन, तू फोन उचलत नायी म्हनून ग्रुपवर लिवतो. काल्ले रात्री दारव्हा रोडनं मी तुह्या मांगं होतो. पुलापाशी तू गचकन ब्रेक मारला अन् मांगचा लाइट जसाच्या तसा. तू थांबला हेच मले समजलं नायी. गाडी घासता घासता राह्यली. मांगं तुही माय बसून होती, याद ठेव.

सुनंदावहिनी (पवनची माय) : काय सांगता भाऊजी! हा तं मले म्हने कुत्रं आडवं आलं.

पवन : कुत्रंच आलं होतं. अन् काकाजी, गाडी आत्ताच सर्व्हिसिंग करून आनली. मेकॅनिक म्हनते आता वायरिंगचं काम निघन. म्हंजे पुन्हा पैसे.

गजूभाऊ : बल्ब गेला असन. पयले बल्ब पाहा.

गुरुजी : शुभ सकाळ. बल्ब घेताना त्याच्या पितळी टोपीवर 12 व्होल्ट, 21/5 वॅट असे लिहिलेले पाहावे. एकाच बल्बात दोन तारा असतात. 5 वॅटची तार रात्रीच्या लाल दिव्यासाठी, 21 ची ब्रेकसाठी. एक तुटली तरी दुसरी जळत राहते.

गजूभाऊ : मी तेच म्हनतो गुरुजी. बल्ब.

पवन : नवा बल्ब टाकून पाह्यला. काहीच फरक नायी.

अमोल (पुणे) : एलईडी टाक ना पवन. ऑनलाइन मिळतो. मी लिंक टाकतो.

दिलीप अॅडमिन : लिंक मंग टाक अमोल, पयले डीपीचा, म्हंजे वावरातल्या लाइटीच्या ट्रान्सफॉर्मरचा, चंदा टाक. यादीत तुह्याच घरचं नाव कोरं हाये.

अमोल (पुणे) : मी पुण्यात राहतो दिलीपभाऊ. मला डीपीचा काय उपयोग?

दिलीप अॅडमिन : तुह्या बाबाची मोटर काय पुन्याच्या लाइटीवर चालते?

वंदनाकाकू : दिलीपभाऊ, चंदा चंदा करता, हिशोब कुठी हाये? हरभऱ्याचं ओलित खोयंबलं हाये. रात्रपाळीची लाइन येते तं डीपीच जळेल हाये.

दिलीप अॅडमिन : हिशोब मंदिराच्या भिंतीवर लावेल हाये काकू. चष्मा लावून वाचा. 🙏

(वंदनाकाकू यांनी हा मेसेज डिलीट केला आहे.)

दिलीप अॅडमिन : डिलीट कायले केला काकू? मी वाचला.

बबनकाकाजी : अरे, इथं मानूस मरता मरता वाचला अन् तुमचं डीपीपुरान चालू हाये.

गुरुजी : पवन, हेडलाइट प्रखर लागतो का? लागत असेल तर बॅटरी उत्तम आहे असे समजावे. मग दोष वायरिंगमध्येच.

पवन : हेडलाइट झकास लागते गुरुजी. पन सकाऊन सेल्फ मारत नायी, किकच माराव लागते.

गजूभाऊ : बल्ब लोकल असन. चांगल्या कंपनीचा बल्ब टाकून पाहा.

राजू गॅरेज : रामराम मंडळी. दुकानात गर्दी होती, आता पाह्यलं. गुरुजी, माफ करा, पन पवनची गाडी 2014 ची होय. अशा जुन्या गाडीचा हेडलाइट इंजिन चालू झालं का इंजिनासंगं फिरून वीज बनवनाऱ्या मॅग्नेटवर जळते, बॅटरीशी त्याचा संबंध नायी. हॉर्न, इंडिकेटर अन् ब्रेकलाइट हे बॅटरीवर. हेडलाइट पाहून बॅटरीचं सांगता येत नायी.

गुरुजी : असे का. बरं.

राजू गॅरेज : काकाजी, एक सांगा. ब्रेक मारायच्या पयले तो लाल लाइट कसा दिसत होता? मंद का भक्कम?

बबनकाकाजी : भक्कम. माह्या डोयावर येत होता. म्हनून तं ब्रेक मारला तवा काही वेगळं दिसलं नायी.

राजू गॅरेज : मंग लाइट गेलाच नायी. ब्रेकलाइट कायमचा लागून हाये. चाबी लावली का 21 वॅट जळतच राह्यते, म्हनून ब्रेक मारल्यावर अजून वाढाले काही उरलंच नायी. सेल्फची बोंबही त्याच्यानंच. वावराच्या वाटेनं हळूहळू गाडी चालते, बॅटरी भरते कमी अन् हा लाइट खाते जास्त.

पवन : 😳

राजू गॅरेज : गाडीपाशी जा. चाबी लाव, हेडलाइटचं बटन बंद. 2017 च्या एप्रिलपासूनच्या गाड्यायले ते बटन येत नायी, तुह्या गाडीले हाये. ब्रेकले हात नको, पाय नको. मांगं जाऊन पाह्य.

पवन : लालच हाये. मायनं पन पाह्यलं.

राजू गॅरेज : बल्बच्या दोन खिट्या वरखाली असतात. कोनं जोर लावून उलटा बसवला तरी मांगं असाच भक्कम लाइट दिसते, पन मंग बटन बंद केल्यावर तो विझला असता. म्हंजे बल्ब बरोबर बसला, स्विच अटकला. हाताच्या ब्रेकच्या दांडीखाली छोटं स्विच हाये, त्याची पिन काढ.

पवन : काढली. तरी लाल.

राजू गॅरेज : आता पायाच्या ब्रेकपाशी वाक. स्प्रिंग लावेल कायं स्विच असन. त्याची पिन काढ.

पवन : विझला!! [फोटो]

राजू गॅरेज : फोटोत स्प्रिंग तं दिसतच नायी लेका. कायी माती गच्च बसली. ओलिताच्या वावरातून आनतो अन् धूत नायी. पाना नको लावू अजून, पयले पानी मार अन् जुन्या ब्रशनं घास.

सुनंदावहिनी : मी रोज सांगतो गाडी धुत जाय.

गजूभाऊ : मंग बल्ब ठीक हाये म्हनायचा.

वंदनाकाकू : गजूभाऊ, तुमी बल्बची एजन्सी घेतली काय?

पवन : धुतलं, दोन्ही पिना लावल्या. पायाच्या ब्रेकची दांडी वर उचलून धरली तं विझते, सोडली का पुन्हा लागते.

राजू गॅरेज : सर्व्हिसिंगवाल्यानं नट जास्त आवयला. स्विच हातानं घट्ट धर अन् फक्त नट फिरव. स्विच फिरवलं तं आतली वायर पियते. स्विच थोडं खाली उतरलं पायजे, वर गेलं तं लाइट आनखी लवकर लागते.

सुनंदावहिनी : भाऊजी, पवनले बोलले ते बरंच केलं. पन तुमच्या ट्रॉलीले मांगं लाइटच नायी. रात्री कापूस भरून तुमीही त्याच पुलावरून जाता.

बबनकाकाजी : रेडियम लावेल हाये.

पवन : ते गाठोड्याखाली झाकून जाते काकाजी.

बबनकाकाजी : वावराच्या धुऱ्याचा, बांधाचा राग ट्रॉलीवर काढू नका. मी चांगल्यासाठी सांगतलं होतं.

सुनंदावहिनी : धुऱ्याचं नाव कोनं काढलं? तुमीच काढलं.

दिलीप अॅडमिन : धुरा ग्रुपवर नको. 🙏 ठरलं होतं आपलं.

पवन : राजूभाऊ, झालं! दांडी थोडी दाबली का लागते, सोडली का विझते.

राजू गॅरेज : ब्रेक पकडायच्या अंमळ पयले लागला पायजे, तेवढं पाहून घे. हाताचा ब्रेकही दाबून पाह्य. अन् दोन दिवसात सेल्फनं गाडी नायी उठली तं बॅटरी चार्जिंगले आन.

सुनंदावहिनी : किती झाले राजूभाऊ?

राजू गॅरेज : फोनवरच्या कामाचे कायचे पैसे वहिनी. काकाजी, ट्रॉली आना एखाद्या दिवशी, मांगं दोन लाइट टाकून देतो.

बबनकाकाजी : कापूस निघू दे, मंग पाहू.

दिलीप अॅडमिन : कापूस निघन तवा डीपीचेही पाहा काकाजी.