मानवी हक्कांचे पदव्युत्तर शिक्षण नोकरी सांभाळून ऑनलाइन घ्यावे का?

विधीमित्र_मानेवाडा यांचा प्रश्न

नमस्कार. मी नागपुरात राहते, एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते आणि गेली चार वर्षे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची विधी स्वयंसेवक आहे. समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, कायद्याची पदवी नाही. मागच्या पावसाळ्यात एक आई मुलाच्या अटकेचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आमच्या मदत कक्षात आली. ते कागद मी दोनदा वाचले, तिला अर्ज लिहून दिला आणि वकिलांकडे पाठवले. अटक पंचनाम्यात वेळेची जागा कोरी होती, हे मला दिसले होते, पण त्या कोऱ्या जागेचे महत्त्व तेव्हा कळले नाही. अटकेची तारीख आणि वेळ नोंदवून त्यावर साक्षीदाराची व अटक झालेल्या व्यक्तीची सही घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच सांगितले आहे, हे मी फार उशिरा वाचले. ती रुखरुख अजून मनात आहे.

म्हणून आता हा विषय नीट शिकायचा आहे. ऑनलाइन एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करता येईल का? कोणत्या अभ्यासक्रमाला खरोखर मान्यता आहे? आणि मानवी हक्कांसारखा विषय घरी बसून पडद्यासमोर शिकता येतो का?

सिव्हिललाइन्स_वकील यांचे उत्तर

ताई, आधी त्या कोऱ्या जागेविषयी. अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे, असे संविधानाचा अनुच्छेद २२ सांगतो. वेळच लिहिली नाही तर ते २४ तास कोठून मोजायचे, हा प्रश्न उभा राहतो. अशा कागदाची प्रत त्याच दिवशी वकिलाच्या हाती पडली तर पहिल्याच हजेरीत तो मुद्दा मांडता येतो.

एलएलएमचा विचार सोडून द्यावा. त्यासाठी कायद्याची पदवी लागते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार कायद्याच्या पदव्या दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देता येत नाहीत. 'घरबसल्या एलएलएम' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नयेत. एम.ए. किंवा पदव्युत्तर पदविका हा तुमच्यासाठी योग्य मार्ग आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची मानवी हक्क कायद्यातील पदव्युत्तर पदविका नोकरी करणाऱ्यांमध्ये परिचित आहे. चालू वर्षाचे माहितीपत्रक मात्र स्वतः वाचावे. इग्नू या मुक्त विद्यापीठाचे मानवी हक्क प्रमाणपत्र सहा महिन्यांचे असून बारावीनंतर करता येते, म्हणजे ते पदव्युत्तर नाही, पण पाया घालायला चांगले आहे. पुढे अध्यापनाकडे वळायचे असेल तर प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी असलेल्या नेट परीक्षेत 'मानवी हक्क आणि कर्तव्ये' हा स्वतंत्र विषय आहे, हेही ध्यानात ठेवावे.

पदवीचा अभ्यासक्रम निवडाल तेव्हा आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचे आणि त्याच अभ्यासक्रमाचे नाव, त्या सत्रासाठी, आहे का ते पाहावे. विद्यापीठाला मान्यता असली म्हणजे त्याच्या प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रमाला ती असते, असे नाही.

लेआउटमधली_वाचक यांचे उत्तर

वरील शेवटचे वाक्य मी पैसे मोजून शिकले. एका खासगी संस्थेचे प्रमाणपत्र मी हौसेने घेतले आणि नोकरीच्या अर्जात ते मोजलेच गेले नाही. त्यानंतर रीतसर पदविका ऑनलाइन पूर्ण केली.

पडद्यासमोर हा विषय शिकता येतो, पण एका अटीवर: वाचलेले तत्त्व त्याच आठवड्यात आपल्या परिसरातील एखाद्या गोष्टीवर तपासून पाहिले पाहिजे. हक्काचा आदर राखणे, त्याचे संरक्षण करणे आणि त्याची पूर्तता करणे, अशी राज्याची तीन कर्तव्ये आम्हाला शिकवली, तेव्हा ती मला नुसती पाठ झाली होती. आमच्या लेआउटमध्ये तेव्हा नळ नव्हते. टँकर दिवसाआड यायचा आणि ड्रमांची रांग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायची. पाण्याच्या हक्कावरील संयुक्त राष्ट्रांच्या समितीचे २००२ चे पंधरावे सामान्य भाष्य, म्हणजे त्या हक्काचा अर्थ उलगडणारा दस्तऐवज, मी उघडले आणि पाण्याची उपलब्धता, गुणवत्ता व पोहोच हे तिन्ही निकष त्या रांगेला लावून पाहिले. पोहोच म्हणजे केवळ अंतर नव्हे, परवडणारा दर आणि भेदभाव नसणे हेही त्यात येते, हे मला त्या रांगेत उभे राहूनच समजले. माझा प्रकल्प त्यावरच झाला.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर एक वही ठेवावी आणि प्रत्येक संज्ञेपुढे, एखाद्या बाईला कक्षात समजावून सांगता येईल, असे मराठी वाक्य लिहावे. ज्या संज्ञेपुढे वाक्य सुचत नाही, ती आपल्याला समजलेली नाही.

वडसा_नागपूर यांचे उत्तर

मला एवढेच जोडायचे आहे की, विदर्भात राहून हा विषय शिकणाऱ्याने 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल सुरुवातीलाच वाचावा. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. उच्च न्यायालयाने 'संमती' आणि 'निमूट शरणागती' यांत जो फरक केला, तो मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. पोलीस ठाण्यात, रात्री, नातेवाईक बाहेर उभे असताना मुलीचे गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हे नागपूरच्या न्यायालयाने ओळखले होते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट: घटनेला एक वर्ष उलटून गेले की मानवी हक्क आयोग चौकशी करू शकत नाही, अशी तरतूद १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३६ मध्ये आहे. त्या आईचा मुलगा मागच्या पावसाळ्यात पकडला गेला असेल, तर आजच तारीख तपासून पाहा.

विधीमित्र_मानेवाडा

सर्वांचे मनापासून आभार. प्रवेशाचे पुढच्या आठवड्यात पाहीन. आत्ता कपाटातून ती नोंदवही काढली आहे. अटकेच्या तारखेपासून वर्ष व्हायला एकोणीस दिवस उरले आहेत. त्या आईला फोन लावला, ती उद्या सकाळी अकरा वाजता कागद घेऊन येत आहे.