दूरस्थ टीमच्या डिझाइन कार्यशाळेत दोघेच बोलतात. इतरांना सामील कसे करून घ्यावे?

प्रश्न

आमच्या टीममधील नऊही जण वेगवेगळ्या ठिकाणांहून काम करतात. नोंदणीच्या स्क्रीनची नव्याने आखणी करण्यासाठी मी गेल्या आठवड्यात तीन तासांची ऑनलाइन कार्यशाळा घेतली. मिरो या ऑनलाइन फळ्याच्या साधनावर बोर्ड आधीच मांडून ठेवला होता, तरीही अखेरपर्यंत दोघेच बोलत राहिले. प्रमुखांचा कर्सर ज्या चौकटीकडे जाई तिकडेच बाकीचे कर्सर सरकत आणि त्यांच्या चिठ्ठीभोवती त्याच अर्थाच्या चिठ्ठ्या जमत. एका खोलीत बसल्यावर हीच मंडळी हिरिरीने वाद घालत असत, त्यामुळे दोष माझ्या आखणीतच असावा असे वाटते. काय बदलावे?

पहिले उत्तर

आधी सर्वांना लिहू द्या, चर्चा नंतर करा. एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते आणि त्यामुळे गटातून कल्पना कमी निघतात, हे डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रयोगांतून दाखवले होते. व्हिडिओ कॉलवर तर दोघे एकदम बोलले की कोणाचेच धड ऐकू येत नाही. बर्न्ड रोरबाख यांची १९६८ सालची ६-३-५ पद्धत येथे उपयोगी पडेल. सहा जणांनी पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहायच्या, मग आपला कागद शेजाऱ्याकडे द्यायचा आणि त्याने त्यात भर घालायची. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ नोंदी होतात. नऊ जणांसाठी तिघांचे तीन गट आणि तीन फेऱ्या पुरेत. मिरोतील प्रायव्हेट मोड सुरू ठेवल्यास लिहून होईपर्यंत दुसऱ्याची चिठ्ठी वाचता येत नाही.

दुसरे उत्तर

हे मला पटते, परंतु कल्पना निवडण्यासाठी मतदान घेताना प्रमुखांचे वजन पुन्हा पडतेच. त्यांनी आपले मत सर्वांत शेवटी द्यावे, हे त्यांच्याशी आधीच एकट्याने बोलून ठरवा. शिवाय सलग तीन तास कोणाचेच लक्ष टिकत नाही. दीड-दीड तासाचे दोन भाग दोन दिवशी घ्या.

बोर्डाचा हट्टही थोडा सोडावा असे मी सुचवेन. आम्ही कोऱ्या कागदाला तीन घड्या घालून आठ चौकटी करतो, आठ मिनिटांत आठ रेखाटने काढतो आणि मोबाइलने फोटो काढून बोर्डावर लावतो. बोर्डावर कधीही काही न लिहिणाऱ्या आमच्या एका टेस्टरने शेवटच्या चौकटीत, ओटीपी आलाच नाही तर वापरकर्त्याला काय दिसावे, हे पेनाने काढले होते. पुढचा सगळा वेळ आम्ही त्या एका चौकटीवर दिला.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. काल पहिला भाग घेतला आणि नऊही जणांचे कागद बोर्डावर आले. प्रमुखांनी शेवटी मत देण्याचे लगेच मान्य केले. मात्र लिहिण्याच्या वेळेतील शांततेमुळे दोघांना कॉल तुटल्यासारखे वाटले आणि त्यांनी बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला, म्हणून उद्या बोर्डावर सर्वांना दिसेल असा टायमर लावणार आहे.